सम आधी, मुखडा मागून : एका रेड० अ‍ॅरेचे प्रकरण

ग्वाल्हेरला लष्कर भागात, फालके बाजाराच्या आतल्या बोळात माझ्या मामांचे छोटे ध्वनिमुद्रण केंद्र आहे. नवे रेकॉर्डिंग तिथे थोडे होते, जुन्याचे जतन जास्त. इथल्या मराठी घरांच्या माळ्यांवर पडलेल्या कॅसेट आणि स्पूल टेप त्यांच्याकडे येतात. त्यांत घरगुती बैठकी असतात, गणपतीतली कीर्तने असतात, कुणाच्या पणजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या असतात. मामा टेप साफ करतात, वाजवतात, संगणकात उतरवतात आणि मूळ कॅसेट ज्याची त्याला परत करतात. परत गेलेली कॅसेट पुढे टिकेलच याची खात्री नसते, त्यामुळे बऱ्याच आवाजांची संगणकातली प्रत हीच एकमेव प्रत उरते.

गेल्या मे महिन्यात सकाळीच मामांचा फोन आला. "अरे, मशीन चालू होतंय, पण आत काहीच दिसत नाही. तू येऊन बघ. आणि तू येईपर्यंत मी कशालाच हात लावत नाही." या शेवटच्या वाक्याने पुढचे सगळे वाचले. सर्व्हर सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे, आणि घाबरलेल्या हातांनी केलेल्या दुरुस्तीत किती डेटा गेला ते मी पाहिले आहे.

यंत्राची कुंडली अशी. ऑगस्ट २०१३ मध्ये डेबियन ७ या लिनक्सवर, म्हणजे ३.२ कर्नेलवर (कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), तीन डिस्कचा रेड० बांधला होता, म्हणजे डेटाचे तुकडे तिन्ही डिस्कवर पसरून त्यांची मिळून एकच मोठी डिस्क केली होती. अशा जोडणीला अ‍ॅरे म्हणतात. एक डिस्क १ टीबीची, दोन २ टीबीच्या. पार्टिशन न करता सबंध डिस्क घेतलेल्या, चंक, म्हणजे एका वेळी एका डिस्कवर जाणारा तुकडा, ५१२ केबीचा, वर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम. हातात होत्या त्या डिस्क जोडून एकच मोठी जागा हवी होती, म्हणून रेड०. माझ्या मते ही निवड तेव्हाही चुकीचीच होती. रेड० मध्ये राखीव प्रत नसते, एक डिस्क गेली की सगळे जाते. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र वेगळ्या छोट्या डिस्कवर होती. मे महिन्यात तीच डिस्क मेली. जवळच्या एका तंत्रज्ञाने नवी एसएसडी बसवून तिच्यावर डेबियन १२ टाकून दिले. त्याचा कर्नेल ६.१. मशीन सुरू झाले, पण अ‍ॅरे उभा राहिना.

पहिल्या तासात दिसले ते

तिन्ही डिस्क सिस्टिमला दिसत होत्या. एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या साधनाने तपासल्यावर तिन्हींचे सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कवरच लिहिलेली जोडणीची माहिती, शाबूत, अ‍ॅरेची ओळख एकच, क्रम ०, १, २ बरोबर. तरीही अ‍ॅरे जोडायला सांगितला की उत्तर यायचे, 'रन अ‍ॅरे' फसले, अनोळखी चूक ५२४.

या ५२४ आकड्यापाशीच माणसे भरकटतात. डिस्क खराब झाली असे वाटते, मग कुणी केबल बदलतो, कुणी अ‍ॅरे 'नव्याने तयार करा' असा सल्ला देतो. तो सल्ला घातक आहे. नव्या एमडीएडीएमने तयार केलेल्या अ‍ॅरेत डेटा सुरू होण्याची जागा जुन्यापेक्षा वेगळी धरली जाऊ शकते, डिस्कचा क्रम चुकू शकतो, आणि जुना सुपरब्लॉक पुसला गेला की कुठून सुरुवात होती हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही. खरे तर ५२४ ही कर्नेलची आतली खूण आहे. 'हे मला मान्य नाही' एवढाच तिचा अर्थ. तिला वापरकर्त्यासाठी ठरलेला मजकूर नाही, म्हणून ती 'अनोळखी' दिसते. खरे कारण कर्नेलच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेले होते. हा मल्टि-झोन रेड० आहे, डिफॉल्ट लेआउट ठरवल्याशिवाय जोडता येत नाही, 'रेड०.डिफॉल्ट_लेआउट' ला १ किंवा २ द्या.

म्हणजे काहीही तुटलेले नव्हते. कर्नेल एक प्रश्न विचारत होता आणि उत्तर मिळेपर्यंत हात आखडून बसला होता.

कर्नेल काय विचारत होता

रेड० मधल्या डिस्क सारख्या आकाराच्या नसतील तर एमडी ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलमधला रेड सांभाळणारा भाग, जागेचे झोन पाडतो. पहिल्या झोनमध्ये सगळ्या डिस्क, सर्वांत लहान डिस्क संपेपर्यंत. दुसऱ्या झोनमध्ये उरलेल्या मोठ्या डिस्क. मामांकडे पहिला झोन तीन डिस्कवर मिळून सुमारे ३ टीबीचा आणि दुसरा झोन दोन मोठ्या डिस्कच्या उरलेल्या भागावर सुमारे २ टीबीचा.

मार्च २०१४ मध्ये ३.१४ कर्नेल आला. ब्लॉक लेयरमध्ये, म्हणजे कर्नेलच्या डिस्कशी बोलणाऱ्या भागात, लिहिण्या-वाचण्याच्या मागण्यांचे तुकडे पाडण्याचा कोड तेव्हा नव्याने लिहिला गेला, आणि त्यात कुणाच्याही मनात नसताना दुसऱ्या व पुढच्या झोनांची मांडणी बदलली. कोणता चंक कोणत्या डिस्कवर, हे ठरवण्याची मोजणी आधी अ‍ॅरेच्या आरंभापासून होत असे, ती आता झोनच्या आरंभापासून होऊ लागली. ही गोष्ट लक्षात यायला साडेपाच वर्षे गेली. तोवर जगात दोन्ही पद्धतींनी लिहिलेले अ‍ॅरे तयार झाले होते, आणि डिस्ककडे पाहून कोणता कोणत्या पद्धतीचा हे ओळखायला काहीच खूण नव्हती. एमडीएडीएम लिहिणारे नील ब्राउन यांनी २०१९ मध्ये जी दुरुस्ती केली ती नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ कर्नेलमध्ये आली. असा अ‍ॅरे दिसला आणि लेआउट, म्हणजे मांडणी, सांगितलेला नसला, तर तो सुरूच करायचा नाही. १ म्हणजे ३.१४ च्या आधीची मांडणी, २ म्हणजे नंतरची.

चालू असलेले यंत्र अपडेटनंतर बंद पडले म्हणून या पॅचबद्दल अनेकांनी राग धरला. मला तो पॅच मनापासून योग्य वाटतो. चुकीची मांडणी धरून गुपचूप सुरू होणारा अ‍ॅरे हा बंद पडलेल्या अ‍ॅरेपेक्षा किती तरी वाईट. पहिला झोन दोन्ही मांडण्यांत सारखाच असतो. त्यामुळे चुकीच्या लेआउटवरही अ‍ॅरे जोडला जातो, माउंट होतो (वापरायला उघडतो), फोल्डर दिसतात, बहुतेक फाइली उघडतात. मग कुणी तरी उरलेल्या चुका 'दुरुस्त' करायला एफएससीके हा फाइल सिस्टिम तपासून सुधारणारा प्रोग्राम लावतो, आणि तो चुकीच्या जागी बरोबर वाटणारे लिहीत जातो.

आकडेमोड

दोन मांडण्यांत आपल्या अ‍ॅरेपुरता फरक पडतो की नाही, हे कागदावर काढता येते. १ टीबीच्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर, प्रत्येक ५१२ बाइटचा. सुपरब्लॉकमध्ये डेटा सुरू होण्याची जागा २,६२,१४४ सेक्टरनंतर दिसत होती. वजा केल्यावर उरले १,९५,३२,६३,०२४. एका चंकमध्ये १,०२४ सेक्टर, म्हणजे डिस्कमागे पूर्ण चंक १९,०७,४८३. तीन डिस्कचे मिळून पहिल्या झोनमध्ये ५७,२२,४४९ चंक.

ही संख्या विषम आहे, आणि सगळा खेळ त्या विषमपणाचा. दुसऱ्या झोनमध्ये दोनच डिस्क. मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे आरंभापासून मोजले तर दुसऱ्या झोनच्या पहिल्या चंकचा क्रमांक ५७,२२,४४९ येतो, दोनने भागल्यावर बाकी १, म्हणून तो दुसऱ्या मोठ्या डिस्कवर. झोनच्या आरंभापासून मोजले तर त्याचा क्रमांक ०, म्हणून तो पहिल्या मोठ्या डिस्कवर. ही संख्या सम असती तर दोन्ही मांडण्या तंतोतंत एक झाल्या असत्या आणि १ द्या की २ द्या, काही बिघडले नसते. आमच्याकडे चुकीचा आकडा दिला की दुसऱ्या झोनमधली प्रत्येक जोडी उलटी होणार होती, पहिला चंक दुसऱ्याच्या जागी, तिसरा चौथ्याच्या.

मग १ की २? नियम म्हणून जे सांगतात ते असे की अ‍ॅरे ३.१४ च्या आधी तयार झाला असेल तर १. सुपरब्लॉकमध्ये तयार केल्याची तारीख ऑगस्ट २०१३ होती, कर्नेल तेव्हा ३.२. या हिशेबाने उत्तर १ येत होते आणि मीही तेच देणार होतो. पण ईएक्सटी४ चा मथळा वाचला तर फाइल सिस्टिम तयार झाल्याची तारीख निघाली २१ फेब्रुवारी २०१६. म्हणजे अ‍ॅरे जुनाच, पण त्याच्यावर मध्ये कधी तरी नव्याने फॉरमॅट झाले होते. कोणत्या कर्नेलखाली? ते सांगणारे लॉग मेलेल्या डिस्कबरोबर गेले होते.

मामींनी कपाटातून मामांची वही काढून दिली. मामा प्रत्येक कॅसेटची आवक-जावक तिच्यात लिहितात, मशीनबद्दलही लिहितात. फेब्रुवारी २०१६ च्या पानावर होते : "मशीनवर नवे डेबियन ८ चढवले. त्यानंतर काही फोल्डर उघडेनात, काही गाणी बिघडलेली. उघडले ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. ९ फाइली उघडत नाहीत, 'खराब' मध्ये ठेवल्या. सगळे पुसून पुन्हा चढवले." डेबियन ८ चा कर्नेल ३.१६. मी ते पान दोनदा वाचले. २०१६ मध्ये घरातल्या सगळ्यांनी डिस्कला आणि उन्हाळ्याला दोष दिला होता. डिस्क बिचाऱ्या निर्दोष होत्या. ३.२ ने लिहिलेले ३.१६ वाचत होता, दुसऱ्या झोनमध्ये जोड्या उलट करून.

आता कयास २ कडे झुकला. पण वहीतली नोंद म्हणजे पुरावा नव्हे, आणि इथे चुकायची मुभा नव्हती.

मूळ डिस्कला धक्का न लावता

आधी ८ टीबीची एक डिस्क आणून तिच्यावर डीडीरेस्क्यू या साधनाने तिन्ही डिस्कच्या पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रती, घेतल्या. मामांना हा खर्च आणि वेळ दोन्ही जड वाटत होते. मी हट्ट धरला, कारण अकरा-बारा वर्षे चाललेल्या डिस्क एकदा सलग वाचायला लावायच्या, तर ते वाचन वाया जाता कामा नये. एकामागून एक तिन्ही वाचायला दुपारपासून दुसऱ्या दिवशीची पहाट झाली. बाहेर मे महिन्याची लू, खोलीत टेबल फॅन थेट डिस्कवर, आणि मामा दर तासाला येऊन यूपीएसचा दिवा बघून जायचे. तिन्ही डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचल्या गेल्या. मग त्या काढून कपाटात ठेवल्या. पुढचे काहीच त्यांच्यावर केले नाही.

इमेज केवळ-वाचन लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे फाइल असून डिस्कसारख्या दिसतील अशा, जोडल्या. प्रत्येकीवर डिव्हाइस-मॅपरचा स्नॅपशॉट चढवला, म्हणजे जे काही लिहिले जाईल ते बाजूच्या एका फाइलमध्ये जाते आणि ती फाइल फेकून दिली की पाटी कोरी. हे न करता नुसते 'केवळ-वाचन' म्हणून माउंट करणे पुरत नाही. ईएक्सटी४ बंद होताना नीट बंद झालेले नसेल, तर तसे माउंट करतानाही ते जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, पुन्हा चालवते, म्हणजे डिस्कवर लिहिते. टाळायचे असेल तर 'नोलोड' हा पर्याय सोबत द्यावा लागतो. आमची सिस्टिम डिस्क चालू कामात मेलेली, त्यामुळे जर्नल अर्धवट असणारच होते.

लेआउट बदलायला दर वेळी रीबूट लागत नाही. रेड० मोड्यूलचा हा पॅरामीटर सिसएफएसमधून, म्हणजे कर्नेलची सेटिंग दाखवणाऱ्या फाइलींतून, चालू मशीनवर बदलता येतो. अ‍ॅरे थांबवायचा, आकडा लिहायचा, पुन्हा जोडायचा.

आधी १ दिला. अ‍ॅरे लगेच जोडला गेला. फाइल सिस्टिम माउंट झाली, वरच्या पातळीवरचे सगळे फोल्डर नावांसकट समोर आले. मामा मागे उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आलं रे सगळं!" मला त्यांना थांबवावे लागले. काही फोल्डरांत शिरले की 'रचना साफ करायला हवी' अशी चूक येत होती. माउंट काढून एफएससीके फक्त बघण्याच्या रीतीने, 'एन' देऊन, चालवला तर चुकांची रांग थांबेना.

मग दुसऱ्या झोनमधली एक फाइल शोधली. फाइलफ्रॅग हे साधन फाइलचे तुकडे कुठल्या ब्लॉकवर आहेत ते दाखवते, आणि ५७,२२,४४९ चंक गुणिले १२८, म्हणजे ब्लॉक क्रमांक ७३,२४,७३,४७२ पासून पुढे सगळा दुसरा झोन. त्या पलीकडची, सलग पडलेली एक डब्ल्यूएव्ही ध्वनिफाइल घेतली. हेडर, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची ओळख, जागेवर नव्हते, म्हणून साधी फाइल म्हणून उघडेना. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात कच्चा डेटा म्हणून आणली, १६ बिट, स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झ सांगून. वाजवली.

भीमपलासी होता, मध्यलय तीनताल, कुणाच्या तरी दिवाणखान्यातली बैठक. आवाज स्वच्छ, खरखर नाही, तंबोरा सुरात. मला काही वेळ काहीच वावगे वाटले नाही. मामांनी हात वर केला. "थांब. सम आधी येतेय. मुखडा तिच्या मागून येतोय. असं कुणी गात नाही."

मुखडा म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पोचते. गणित तेच सांगत होते. ५१२ केबी म्हणजे ५,२४,२८८ बाइट. १६ बिट स्टिरिओत एका नमुन्याला ४ बाइट, म्हणजे १,३१,०७२ नमुने, म्हणजे ३ सेकंदांना किंचित कमी. प्रत्येक ३ सेकंदांचा तुकडा त्याच्या पुढच्या तुकड्याशी जागा बदलून बसला होता. ५,२४,२८८ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून आवाज फाटला नाही, फक्त काळ उलटसुलट झाला. मामांनी डोळे मिटून हाताने मात्रा मोजत प्रत्येक सांधा बरोबर सांगितला, आणि वेव्हफॉर्मवर मोजले तर प्रत्येक सांधा तिथेच होता.

स्नॅपशॉटच्या फाइली फेकल्या, नव्या केल्या, २ दिला. एफएससीकेने जर्नल वगळल्याची सूचना दिली आणि बाकी किरकोळ हिशेबाचे फरक दाखवले. स्नॅपशॉटवर जर्नल चालू दिल्यावर तेही गेले. तीच भीमपलासीची फाइल हेडरसकट उघडली. मुखडा आला, मग सम आली. मामा ऐकत राहिले, काही बोलले नाहीत.

मामांच्या वहीतल्या क्रमाने दुसऱ्या झोनमधल्या आणखी चाळीस फाइली उघडून ऐकल्या, प्रत्येकीची सुरुवात, मधला भाग, शेवट. सगळ्या बरोबर.

पुढची व्यवस्था

तो अ‍ॅरे मूळ डिस्कवर पुन्हा उभा केलाच नाही. आणखी दोन ८ टीबीच्या डिस्क घेऊन रेड१ बांधला, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत, त्यावर सुमारे साडेतीन टीबी सगळे उतरवले, दोन्हीकडच्या एसएचए-२५६ बेरजा, म्हणजे फाइलींचे अंकी ठसे, ताडून पाहिल्या. इमेजची डिस्क आता बाहेरची प्रत म्हणून दुसऱ्या घरी, कंपू भागात माझ्याकडे असते.

ज्यांना जुनाच अ‍ॅरे चालू ठेवायचा आहे त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. कर्नेलच्या बूट ओळीत 'रेड०.डिफॉल्ट_लेआउट=२' देता येते, किंवा तोच पर्याय मोडप्रोबच्या (कर्नेलचे मोड्यूल चढवणाऱ्या साधनाच्या) फाइलीत लिहून इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी चढणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बांधता येते. पण हा आकडा त्या मशीनवरच्या सगळ्याच रेड० अ‍ॅरेंना लागू होतो, आणि डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावल्या की प्रश्न पुन्हा उभा राहतो. एमडीएडीएम ४.२ पासून अ‍ॅरे जोडताना 'अपडेट' मध्ये 'लेआउट-ऑल्टरनेट' किंवा 'लेआउट-ओरिजिनल' सांगता येते. मग उत्तर सुपरब्लॉकमध्येच लिहिले जाते, एकदाच. मला ही वाट जास्त पटते. मात्र त्या खुणेची ओळख नसलेले जुने कर्नेल असा अ‍ॅरे घेत नाहीत, म्हणून जुन्या रेस्क्यू सीडीच्या भरवशावर राहू नये. आणि दोन्ही वाटांवर आधी इमेज, मग स्नॅपशॉटवर तपासणी, मगच मूळ डिस्क.

'खराब' फोल्डर

काम संपले असे मी समजत होतो. मामा वही घेऊन आले आणि २०१६ च्या त्या ओळीवर बोट ठेवले. "त्या नऊ फाइली मी टाकल्या नव्हत्या. कॅसेट परत गेल्यात, त्यातल्या दोन घरांतली माणसंही आता इथे नाहीत. तुझं म्हणणं खरं असेल तर यांचंही काही तरी होईल ना?"

होणार होते. त्या फाइली ३.२ ने लिहिलेल्या आणि ३.१६ ने वाचून बाहेर काढलेल्या, म्हणजे उलट्या जोड्या त्यांच्यात कायमच्या गोठल्या होत्या. २ दिला तरी त्या सुधारणार नव्हत्या, कारण बिघाड आता मांडणीत नव्हता, फाइलीच्या आत होता. चारांत डब्ल्यूएव्हीचे हेडर मला बरोबर ५,२४,२८८ व्या बाइटवर सापडले. जोडीच्या पहिल्या चंकमध्ये सुरू झालेली फाइल अशीच दिसायला हवी. उरलेल्या पाचांत हेडरच नव्हते, त्या जोडीच्या दुसऱ्या चंकमध्ये सुरू झाल्या असाव्यात.

फाइल चंकच्या आत नेमकी कुठे सुरू झाली होती ते माहीत नव्हते. पण ईएक्सटी४ च्या ब्लॉकचा आकार ४ केबी, म्हणजे ५१२ केबीत शक्यता फक्त १२८. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक शक्यता धरून जोड्या सुलट करायची आणि सांध्यापाशी शेजारच्या नमुन्यांत किती उडी पडते ते मोजायची. बरोबर जागेला सगळ्या सांध्यांची उडी एकदम खाली येते, आलेखात ती एकटी खोल दिसते. सात फाइली अशा सुटल्या. प्रत्येकीत सुरुवातीपाशी आणि शेवटापाशी ३ सेकंदांहून कमी भाग कायमचा गेला आहे, तिथे शांतता ठेवली आणि मामांनी वहीत तसे नोंदवले.

उरलेल्या दोन डिस्कवर सलग नव्हत्या, चार-पाच ठिकाणी विखुरलेल्या होत्या, आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात वेगळी. त्यातली एक ओव्यांची आहे, एका आजींच्या आवाजात. ओवीला तबल्याचा ठेका नसल्याने सांधा कानाने सापडत नाही. सध्या मामा शब्द ऐकून ओळींचा क्रम कागदावर लावताहेत, त्यांचा कागद आला की मी तुकडे जुळवीन. आतापर्यंत अकरा ओव्या लागल्या आहेत.